शिंगे असलेला बँड

प्रश्न असा: ‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ या अमेरिकी बँडची मराठीतली ओळख वाचली. तिच्यात ‘शिंगे आणि आत्मा असलेला सायकेडेलिक रॉक बँड’ असं लिहिलंय. ही शिंगं कुणाची, आणि मराठीत म्हणायचं तरी काय?

शिंगं कुणाचीच नाहीत. इंग्रजीत हॉर्न म्हणजे शिंग आणि फुंकून वाजवायचं वाद्यही. भाषांतरात पहिला अर्थ उचलला गेला. तसं शिंग हे वाद्य मराठीला नवं नाही, रणशिंग आपण अजून फुंकतोच. पण शिंग ‘फुंकलं’ तर वाद्य, ‘शिंगे असलेला’ म्हटलं की बैल! सगळा घोटाळा त्या ‘असलेला’ने केलाय.

शिवाय शिंग वर्दी द्यायला फुंकतात. सोल या अमेरिकी गायनशैलीत ही वाद्यं तसं करत नाहीत. गायकाची ओळ संपली की तिघंचौघं मिळून एक छोटा, ठसकेबाज तुकडा टाकतात आणि गप्प होतात. पोवाड्यात शाहिरामागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ करतात ना, पुष्कळसं तसंच.

‘ब्रास सेक्शन’, म्हणजे पितळी वाद्यांचा गट, म्हणावं, तर सॅक्सोफोन आडवा येतो. त्याचं अंग पितळी, पण सूर निघतो बोरूसारख्या गवताच्या पातळ पट्टीतून, म्हणून वर्गवारीत तो क्लॅरिनेटच्या पंगतीला बसतो. आणि या बँडमध्ये ब्रासमध्ये मोडणारा ट्रंपेट होता एकट्या मार्कस डबलडेचा. पीटर स्ट्राझा आणि नंतर आलेले हर्बी रिच, स्टेम्सी हंटर हे सगळे सॅक्सोफोनवाले. ‘सुषिरवाद्ये’ बरोबर आहे, पण त्यात बासरी आणि सनईही येतात, आणि वाचणाऱ्याला परीक्षेचा पेपर आठवतो. नुसतं ‘हॉर्न’ लिहिलं तर ट्रकची मागची बाजू डोळ्यांसमोर येते.

मी ‘ट्रंपेट-सॅक्सोफोनचा ताफा’ लिहीन. वाजंत्र्यांचा ताफा हा आपला जुना शब्द आहे. (मंत्र्यांच्या गाड्यांचाही ताफाच असतो आणि त्यालाही हॉर्न असतात, पण तेवढं संदर्भावरून कळतं.)

‘आत्मा’ मात्र काढूनच टाका. इंग्रजीत सोल म्हणजे आत्मा, पण इथे ते एका शैलीचं नाव आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधलं गाणं आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांतून ती घडली. ख्यालाचं आपण ‘विचार’ असं भाषांतर करतो का? आणि ‘आत्मा असलेला’ म्हटलं, की बाकीचे बँड बिचारे निर्जीव ठरतात.

बँड मात्र खरंच ऐकण्यासारखा आहे. शिकागोचा गिटारवादक माइक ब्लूमफील्ड याने तो १९६७ मध्ये उभा केला. ड्रमवर बडी माइल्स, जो आधी सोल गायक विल्सन पिकेटबरोबर वाजवायचा. जून १९६७ च्या, कॅलिफोर्नियातल्या माँटेरी संगीत महोत्सवात ते वाजले, आणि त्याच दिवशी रात्री सोलचा बडा गायक ओटिस रेडिंग गायला! पहिला अल्बम १९६८ चा, ‘अ लाँग टाइम कमिन’. त्यातलं पहिलंच गाणं, ब्लूज गायक हाउलिन वुल्फचं ‘किलिंग फ्लोअर’, लावा. सुरुवातीला तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं भाषण, त्यावर हशा, आणि मग ताफा असा काही तुटून पडतो की ‘रणशिंग’ शब्द मलाही क्षणभर पटतो. ब्लूमफील्ड त्याच वर्षी बाहेर पडला आणि या बाजाचं श्रेय पुढे ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ आणि ‘शिकागो’ या बँडांच्या पदरात पडलं. माझ्या मते हा अन्यायच.

तर तुमचं वाक्य: ‘ट्रंपेट-सॅक्सोफोनचा ताफा बाळगणारा, सोलच्या वळणाचा सायकेडेलिक रॉक बँड’.