पिसांच्या जीनजवळ बसलेला व्हायरस

प्रश्न: आम्ही लेअरची (अंडी देणाऱ्या कोंबड्यांची) पिल्लं घेतो, ती पंखाची पिसं बघून मादी म्हणून वेगळी काढलेली असतात. हॅचरीवाले म्हणाले की त्या पिसांच्या जीनजवळ एक व्हायरस असतो आणि तो वारशाने येतो. व्हायरस वारशाने कसा येईल? आणि तो तिथेच आहे हे कळलं कसं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: खरं आहे ते. रेट्रोव्हायरस स्वतःची डीएनए कॉपी पेशीच्या क्रोमोसोममध्ये घुसवतो, आणि हे जर अंडं किंवा शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीत झालं तर तो पुढे बाकीच्या जीन्ससारखाच पिढ्यान् पिढ्या जात राहतो. एव्हियन ल्युकोसिस म्हणजे कोंबड्यांत गाठी आणणारा रोग, त्याच्या व्हायरसच्या कुळातले असे बरेच व्हायरस कोंबड्यांत आहेत, त्यांना ईव्ही-1, ईव्ही-2 असे नंबर दिलेत (ईव्ही म्हणजे एंडोजिनस व्हायरस, वारशाने येणारा). तुमचा तो ईव्ही-21.

शोधायची जुनी पद्धत मला फार आवडते. कोंबडीच्या लाल रक्तपेशीत केंद्रक असतं, त्यामुळे थोड्याशा रक्तातून भरपूर डीएनए मिळतो. तो एन्झाइमने कापायचा, जेलवर तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायचे, व्हायरसचा किरणोत्सारी प्रोब (व्हायरसच्या डीएनएला जाऊन चिकटणारा तुकडा) लावायचा, की जिथे व्हायरस तिथे फिल्मवर काळी पट्टी उमटते. प्रत्येक ईव्हीच्या शेजारचा डीएनए वेगळा म्हणून पट्टीही वेगळ्या जागी. मग आईबाप आणि पिल्लं यांच्या पट्ट्या शेजारी ठेवून बघायचं कोणाची कोणाकडे गेली. कोंबड्यांत नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू, म्हणजे आईचा एकुलता एक झेड फक्त नर पिल्लांना जातो, आणि ईव्ही-21 ची पट्टी आईकडून नर पिल्लांतच जायची, तीही पिसं उशिरा आणणाऱ्या के जीनच्या सोबतीने. पत्ता लागला, झेड क्रोमोसोम!

पिसं उशिरा येतात ती मात्र व्हायरसमुळे नाही असं दिसतं, 2008 मध्ये कळलं की तिथे प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या रिसेप्टरच्या (त्याला पकडणाऱ्या प्रोटीनच्या) जीनचा भाग दुप्पट झालाय.

आता तुमच्या कामाचं. तुमच्या मादी पिल्लांना तो के जीन आईकडून येतच नाही, म्हणून तर त्यांची पिसं लवकर वाढतात. पण ईव्ही-21 पूर्ण व्हायरस बनवू शकतो आणि आईच्या अंड्यातून तो पिल्लात उतरू शकतो. अशा पिल्लाचं शरीर त्याला परका मानत नाही, मग पुढे बाहेरचा ल्युकोसिस आला तर अँटिबॉडी कमी बनतात आणि गाठींचा धोका वाढतो. म्हणून हॅचरीला सरळ विचारा, मदर लाइनची (पिल्लांच्या आयांच्या कळपाची) ल्युकोसिस टेस्ट होते का, आणि रिपोर्ट दाखवायला सांगा.