हब चालवणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

संगमनेरचं पार्सल वाटपाचं हब बंद करावं की कर्ज काढून विजेवरच्या तीनचाकी घ्याव्यात, हे तू मला फोनवर पुन्हा पुन्हा विचारलंस. पण तुझ्याकडची पार्सलं पोचवणारी पोरं किती महिने टिकतात, ते एकदाही सांगितलं नाहीस. मला आधी तेच हवंय.

आपल्या कामात पैसा बुडतो तो परत जाणाऱ्या पार्सलात. कॅश ऑन डिलिव्हरीचं गिऱ्हाईक घरात नसलं, पैसे नसले, मन फिरलं, की माल दोन्ही बाजूंचं भाडं खाऊन विक्रेत्याकडे परत. नवा मुलगा 'मारुती मंदिरामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी' शोधत फिरतो आणि वैतागून 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा मारतो. जुन्याला ठाऊक असतं की त्या घरातल्या बाई शाळेत शिकवतात, पाचनंतरच जायचं.

टपाल खात्यातल्या श्रीराम वेलणकरांनी आखलेला पिनकोड १९७२ साली आला. ते सहा आकडे टपाल कार्यालयापर्यंत नेतात. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवणारा. तो जरूर वापर. पण त्या चौकोनात कोण राहतं, कितव्या मजल्यावर, किती वाजता भेटतं, हे तुझं पोरगंच सांगणार. म्हणून म्हणतो, पोरं टिकव.

मी ज्या कंपनीचं काम करायचो तिने नगामागचा दर उतरवला, तेव्हा ती तूट मी माझ्या वाट्यातून भरली. पोरांचा रुपया कमी होऊ दिला नाही. बरोबरच्यांनी दुसरी-तिसरी हबं काढली, माझं एकच राहिलं. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढावं लागलं, ते अजून सलतं. तरी दिवाळीच्या सेलमध्ये गोदामात पाय ठेवायला जागा नसायची तेव्हा गाड्या काढायला माझ्याकडे माणसं असायची. इतरांकडे नसायची. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मला धंदा कळत नाही असं म्हणणारे तुलाही भेटतील.

दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्यांना भिऊ नकोस. तो कारभार दाट वस्तीचा. अकोले तालुक्याच्या रस्त्यावरच्या वाड्या त्यांना परवडत नाहीत. ते गिऱ्हाईक नेणार नाहीत, पोरं नेतील. तेव्हा पेट्रोलचे पैसे वेगळे दे, अपघात विमा काढ, आठवड्याची सुट्टी ठरवून दे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम गिग कामगारांच्या, म्हणजे पगारावर नाही तर कामागणिक पैसे मिळवणाऱ्यांच्या, निधीत भरायची, अशी तरतूद तिच्यात आहे. तुझ्या पोरांची ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद आहे का? नसेल तर कसली वाट बघतेस?

तीनचाकीचं नंतर बघू. आज चालवणारा उद्या राहणार नसेल तर गाडी घेऊन करणार काय?

सोमवारी सॉर्टिंगच्या आधी सगळ्यांना बसव. मागच्या महिन्यात परत गेलेल्या पार्सलांची यादी काढ आणि एकेकाचं कारण विचार. ओरडू नकोस, लिहून घे. मग मला फोन कर.

तुझा,
काका