वीज नव्हती, मग ब्लॅकआउट कसला?

प्रश्न : माझी आजी देवगड तालुक्यातली. १९७१च्या लढाईत गावात ब्लॅकआउट असायचा, असं ती सांगते. पण तेव्हा गावात वीजच नव्हती, हेही तीच सांगते. मग बंद काय करायचे? आजीचा काही घोळ होतोय का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : आजीचा घोळ नाही हो. मी तेव्हा पाचवीत होते, त्याच तालुक्यात. (सिंधुदुर्ग जिल्हा १९८१चा. माझ्या दाखल्यावर अजून रत्नागिरीच आहे.)

वीज नव्हती, पण कंदील होते. आमचं घर खाडीच्या तोंडावर, चढावर. रात्री परतणारे होडीवाले कुठला दिवा कोणाच्या घरचा ते लांबून ओळखायचे. होडीवाल्याला दिसतो तो शत्रूच्या बोटीला दिसणार नाही का, असं गुरुजींनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत विचारलं. आदल्या संध्याकाळी, ३ डिसेंबरला, पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले होते. आमच्या गावावर कोणी तोफगोळा फुकट घालवला असता असं आज वाटत नाही, पण तेव्हा पटलं. खिडक्यांना वह्यांचे खाकी कागद भाताच्या खळीने चिकटवले. दोन रात्रींत उंदरांनी खळीसकट कागद फस्त केले.

शाळेत खंदक खणायचं ठरलं. जांभ्याचा कातळ तो, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या. सातवीच्या मुलांनी अर्धा दिवस घाम गाळून वीतभर खड्डा केला. मग गुरुजींनी शाळेमागची पडीक चिरेखाण हाच खंदक, असं जाहीर करून टाकलं. घंटा झाली की तिकडे पळायचं, पालथं पडायचं, कानांत बोटं, दातांत रुमाल. रुमाल होते कोणाकडे! आम्ही परकराची टोकं चावायचो. खाणीच्या काठावर आवळीचं झाड होतं, त्यामुळे घंटेची वाटच बघायचो.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली. ती बातमी आली आणि आमच्या खेळातली मजा गेली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा भाऊ नेव्हीत, आणि कुठल्या बोटीवर ते घरी कोणालाच धड माहीत नव्हतं. तिच्या आईने पाकीट पाठवलं होतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठीचं पाच पैशांचं जादा तिकीट त्याच नोव्हेंबरपासून लागू झालं होतं, ते नीट लागलं ना, हे ती रोज मला विचारायची. पोस्टमन पाणंदीत दिसला की मान खाली. तार असली तर? ढाका पडल्यावर चार-पाच दिवसांनी भावाचं पत्र आलं. तिने ते वर्गभर दाखवलं, हातात मात्र कोणाला दिलं नाही.

आणि आमच्या चुलीवरचं काचेचं कौल! त्यातून रात्री उजेड आभाळात जातो म्हणून बाबांनी शिडी लावून त्यावर शेण थापलं. १६ डिसेंबरला लढाई संपली. पण कौलांवर पाय दिला की ती फुटतात, म्हणून बाबा वर्षातून एकदाच, वैशाखात शाकारणीला, चढायचे. तोवर शेण तसंच. आई भर दुपारी चिमणी पेटवून तांदूळ निवडायची आणि बाबांना ऐकू जाईल असं म्हणायची, "लढाय संपली मां? मगे माज्या चुलीवरचो काळोख कदी जातलो?"