जीआर म्हणजे कायदा का? नियमाच्या विरोधात जीआर निघाला तर काय चालतं?

नाही. जीआर, म्हणजे शासन निर्णय, हा प्रशासकीय आदेश असतो. उतरंड अशी: संविधान, अधिनियम, त्याखालचे नियम, मग जीआर.

गोंधळ होतो तो शेवटच्या ओळीने. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं वाचलं की कागदाला कायद्याचं वजन आलं असं वाटतं. ती संविधानाच्या अनुच्छेद 166 नुसार आदेश अधिकृत करण्याची पद्धत आहे, बस्स.

जीआर नियमांतली मोकळी जागा भरू शकतो, नियम मोडू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये संत राम शर्मा खटल्यात हेच सांगितलं.

आता तपासायचं कसं? आधी वरचा ‘वाचा’ हा भाग बघा. तिथे अधिनियमाचं कलम आहे की नुसते जुने जीआरच? नुसते जीआर असतील तर मूळ अधिनियम आणि राजपत्रातले नियम काढून शब्द न् शब्द ताडून बघा. जीआरने नवी अट घातली आणि तीमुळे नियमाने दिलेलं काही हिरावलं जात असेल, तर लेखी निवेदनात नियम क्रमांक आणि जीआरचा परिच्छेद शेजारी-शेजारी मांडा. ‘अन्याय झाला’ एवढ्याने फाईल हलत नाही. उत्तर आलं नाही तर उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका. राज्य सरकारी कर्मचाऱ्याची सेवाविषयक बाब असेल तर आधी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण.

मात्र त्या विषयावर नियमच नसतील, तर जीआर सहसा टिकतो.