आरव्हीच्या मोठ्या शोरूममध्ये पहिल्यांदा जाताना

अमेरिकेतल्या मोठ्या आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली फिरती घरे) डीलरकडे तुम्ही पहिल्यांदाच जात आहात, तेव्हा पहिली फेरी केवळ पाहण्यासाठी ठेवा आणि चेकबुक घरीच राहू द्या.

विक्रेता बहुधा आधी विचारेल, "महिन्याला किती परवडेल?" या प्रश्नाचे उत्तर देऊ नका. कर्जाची मुदत 15 किंवा 20 वर्षांपर्यंत ताणली की कोणताही हप्ता लहान दिसतो; म्हणून कर, नोंदणी, गाडीच्या तयारीचे आणि कागदपत्रांचे शुल्क धरून एकूण किंमत लेखी मागावी. "ही किंमत फक्त आजच" असे म्हटले, तरी खुशाल घरी यावे. सही केल्यावर तीन दिवसांत करार मोडता येतो, हा नवख्यांचा समज महागात पडतो, कारण तो संघीय नियम डीलरच्या कायमच्या जागेत झालेल्या खरेदीला लागू नाही.

चकचकीत स्वयंपाकघराला मीही भुललो होतो. सुदैवाने पलंगाखालचा कप्पा उघडला आणि कोपऱ्यातले प्लायवूड बोटाने दाबताच ओल्या बिस्किटासारखे आत गेले, म्हणजे तेथे पाणी मुरलेले होते.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची आरव्ही घेणार असाल, तर "तुमचा ट्रक सहज ओढेल" यावर विसंबू नका. ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळे स्टिकर वाचा; त्यावर ट्रक किती वजन वाहू शकतो तो आकडा असतो. प्रवासी, ट्रकमधील सामान आणि हिचवर (ट्रेलर जोडण्याच्या आकड्यावर) येणारा भार मिळून त्या वजनमर्यादेत बसले पाहिजेत.

वाढीव वॉरंटीचा आग्रह शेवटी, तुम्ही थकलेले असताना होतो. तेथे "नंतर कळवतो" एवढेच म्हणावे.