वाचकांचे प्रश्न : उद्यानविद्या कौशल्य स्पर्धेची तयारी

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांना स्पर्धेत पाचर कलम (एका रोपाच्या चिरेत दुसऱ्या झाडाची काडी पाचरीसारखी बसवणं) करून दाखवायचं आहे. कलम फुटायला दोन-तीन आठवडे लागतात, मग परीक्षक त्याच दिवशी गुण कशाला देतात?

उत्तर : हात कसा चालला, याला. बांधलेलं कलम सोडून पाहिलं की काप, सांधा आणि पट्टी या तिघांवरून जाणत्याला सगळं कळतं. म्हणून सरावातही कलम बांधून बाजूला ठेवू नका. लगेच सोडा आणि परीक्षकाच्या नजरेनं तपासा. कुठल्याही टाकाऊ, सरळ फांद्यांवर हा सराव होतो.

खुंट, म्हणजे खालचं मुळांचं रोप, आणि काडी, म्हणजे त्यावर बसवायची फांदी, शक्यतो सारख्या जाडीची, साधारण 8 ते 10 मिलिमीटर घ्यावी. खुंट कुंडीतल्या मातीपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर आडवा कापून मधोमध 3 ते 4 सेंटिमीटर उभी चीर द्यायची. काडी 10 ते 12 सेंटिमीटर लांब, फुगीर डोळ्यांची (डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब), पानं काढलेली. तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चिरेच्याच लांबीचा तिरका काप घ्यायचा, हीच पाचर. गुण जातात ते बहुतेक इथेच. प्रत्येक बाजू एका ओढीत कापली गेली पाहिजे. मनगट ताठ, आणि चाकू मुठीकडच्या धारेपासून टोकाकडे सरकत गेला पाहिजे. पेन्सिल तासावी तसे चार-पाच छिलके काढले की पृष्ठभाग लाटांसारखा होतो, खळग्यांत हवा राहते आणि तिथले पेशीसमूह जुळण्याआधीच सुकतात. काप सपाट आहे का हे बघायला त्यावर पोलादी पट्टीची कड ठेवून उजेडाकडे धरा. पट्टीखालून प्रकाश दिसला तर काप पुन्हा.

दुसरी चूक सांध्याची. साल आणि लाकूड यांच्या मधली अंतर्साल, म्हणजे नव्या पेशी तयार करणारा पातळ थर, दोन्हीकडचा एकमेकांना टेकला तरच कलम जुळतं. काडी बारीक असेल तर मुलं ती दिसायला नीटनेटकी म्हणून चिरेच्या मधोमध बसवतात. मग अंतर्साल कुठल्याच बाजूला जुळत नाही. अशी काडी एका कडेला सरकवून बसवा. खुंटाची साल काडीच्या सालीपेक्षा जाड असते, तेव्हा बाहेरून दोन्ही साली सपाट जुळवण्याचा मोहही टाळा. काडी केसभर आत राहिली तर आतले थर बरोबर येतात. हे कारण विद्यार्थ्यानं तोंडानं सांगितलं, तर परीक्षकाला पुढे फारसं विचारावं लागत नाही.

चीर पाचरीपेक्षा लांब झाली तर खाली पोकळी राहते. काप बोटांनी चाचपू नये, आणि काप घेतल्यावर काडी टेबलावर ठेवून खुंटाकडे वळू नये. खुंटाची चीर आधी, काडीचा काप नंतर, हा क्रम त्यासाठीच. प्लास्टिकची 2 सेंटिमीटर रुंद पट्टी चिरेच्या खालून सुरू करून वर न्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवा आणि ताण सोडू नका. बांधून झाल्यावर काडी दोन बोटांत धरून हलकेच फिरवून पाहा. ती फिरली तर बांधणी सैल आहे.

प्रश्न : डोळा भरताना, म्हणजे काडीऐवजी एकच डोळा खुंटाच्या सालीखाली बसवताना, खुंटाची साल सुटतच नाही. घरी सुटते, स्पर्धेत अडते.

उत्तर : झाड वाढीत असेल आणि त्याला पाणी पुरेसं असेल तरच साल लाकडापासून सहज सुटते. स्पर्धेसाठी आणलेली रोपं प्रवासात तहानलेली असतात. आधीचे काही दिवस रोज पाणी द्या आणि आदल्या दिवशी कुंडी पूर्ण भिजवा. तरीही साल अडली तर चाकूनं खरवडून उचकटू नका, फाटलेल्या सालीत डोळा जगत नाही. नियमांत बसत असेल तर लाकडाच्या पातळ कपचीसकट डोळा काढून तेवढ्याच खाचेत बसवण्याची पद्धत वापरा. तिला साल सुटण्याची गरज नसते. एक क्षुल्लक वाटणारी चूक घाईत हमखास होते : डोळा उलटा बसतो. पान तोडताना देठाचा तुकडा ठेवला तर तो डोळ्याच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे दिशा चुकत नाही आणि धरायलाही सोपं जातं.

प्रश्न : लेखी फेरीत द्रावणाची गणितं चुकतात. सोपी रीत आहे का?

उत्तर : दोन गोष्टी पाठ असू द्या. 1 टक्का म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, आणि 1 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम. 500 पीपीएमचं 250 मिलिलिटर संजीवक (वाढीवर परिणाम करणारं द्रव्य) द्रावण करायचं तर 125 मिलिग्रॅम लागतील. सापळा असतो तो ‘क्रियाशील घटक’, म्हणजे भुकटीतला प्रत्यक्ष काम करणारा भाग, या शब्दांत. 10 लिटर पाण्यात 0.1 टक्का क्रियाशील घटक हवा आणि भुकटी 50 टक्क्यांची असेल, तर उत्तर 10 नव्हे, 20 ग्रॅम. प्रश्न वाचताना आधी त्या शब्दांखाली रेघ मारा.

प्रत्यक्ष द्रावण करायला सांगितलं तर आयबीए (मुळ्या फुटण्यासाठी वापरतात ते संजीवक) थेट पाण्यात टाकू नका, ते विरघळत नाही. थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालत ठरलेलं आकारमान पूर्ण करा.

प्रश्न : दोघांच्या संघानं एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं काम करावं का?

उत्तर : चालतं, पण बोलणारा हातांच्या पुढे धावतो हे जवळपास ठरलेलं. वाक्य आधी, कृती लगेच नंतर, आणि धार चालू असताना दोघंही गप्प, असा सराव करा. चाकू हातात घेऊन त्यानंच खुणा करून दाखवणं ही सुरक्षिततेची सरळ चूक आहे. दाखवायला पेन वापरा. खुंट प्रेक्षकांकडे वळवून ठेवा, नाहीतर सगळा सांधा तुमच्या पंजाआड जातो. पाठांतर ऐकायला परीक्षक कंटाळतात. ‘आता मी पट्टी बांधत आहे’ हे त्यांना दिसतंच आहे, ती खालून वर का बांधली ते सांगा : वरचा वेढा खालच्यावर चढतो, कौलांसारखा, म्हणून पाणी आत शिरत नाही.

प्रश्न : गुटी कलमात (झाडावरच्याच फांदीला मुळ्या फोडून घेण्याच्या पद्धतीत) परीक्षक सालीचं कडं काढल्यावर लाकडावर चाकू का फिरवायला लावतात?

उत्तर : उरलेली अंतर्साल खरवडण्यासाठी. ती राहिली तर जखमेवर पुन्हा सालीचा पूल तयार होतो आणि मुळ्या फुटत नाहीत. कडं 2.5 ते 3 सेंटिमीटर रुंद ठेवा. त्या जखमेभोवती बांधायचं शेवाळ भिजवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये.

प्रश्न : चाकूला दोन्ही बाजूंनी धार लावावी का? मुलगी डावखुरी आहे.

उत्तर : कलमाच्या बहुतेक चाकूंना एकाच बाजूला उतार असतो, दुसरी बाजू सपाट. दगडावर उताराचीच बाजू घासायची. सपाट बाजू फक्त आडवी टेकवून एखादा हात, कडेचा बारीक काटा जाण्यापुरता. दोन्ही बाजूंना उतार दिला की पातं लाकडात सरळ न जाता बाहेर वळतं आणि काप फुगीर येतो. उजव्या हाताचा चाकू डावखुऱ्या हातात उलट वागतो, उताराची बाजू लाकडाकडे येते आणि काप सपाट येत नाही. तिच्यासाठी डाव्या हाताचा चाकू मिळवा आणि सराव त्यावरच होऊ द्या. स्पर्धेच्या ठिकाणी दिलेलीच हत्यारं वापरायची अट आहे का, हे आयोजकांना आधी विचारून घ्या.