१,७६,६३,१९,०४९ ही संख्या हाताने सोडवून बघ

भाऊ, मोठी संख्या दिसली की लगेच कॅल्क्युलेटर काढू नकोस. आपण खान्देशातले, चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. तेव्हा सुरुवात त्यांच्याच संख्येपासून कर.

क्ष² − ६१य² = १. क्ष आणि य धन पूर्णांक हवेत, य शून्य नको, तर सर्वांत लहान क्ष वर मथळ्यात दिलाय आणि य येतो २२,६१,५३,९८०. भास्कराचार्यांनी तो चक्रवाल पद्धतीने काढला, म्हणजे एका अंदाजापासून सुरू करून तो पायरीपायरीने सुधारत. फ्रेंच गणिती फर्माने हेच ६१ कोडं म्हणून घातलं ते १६५७ साली!

आधी अंकांची बेरीज घे. क्षची ४६, नवाने भागून बाकी १. यची ३६, बाकी शून्य. १ − ० = १, म्हणजे ताळा जुळतो. आता क्षमधून एक वजा करून निम्मे कर: ८८,३१,५९,५२४. हा २९,७१८ चा पूर्ण वर्ग आहे. क्षमध्ये एक मिळवून १२२ ने, म्हणजे ६१ च्या दुपटीने भाग, १,४४,७८,०२५ येतील. तो ३,८०५ चा वर्ग. या दोन मुळांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे थेट य. मला हे फार सुंदर वाटतं.

गुणाकार कागदावरच कर, हातचे नीट मांडून. जड गेलं तर ६१ च्या जागी १३ घे: क्ष ६४९, य १८०. तिथेही ६४८ आणि ६५० तसेच फोडून बघ.